बारा टेस्टर, चौदा दिवस आणि अण्णांचा मराठीतला फोन

द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवणारं अ‍ॅप लिहायला मला पाच महिने लागले आणि लिहून झालेलं अ‍ॅप प्ले स्टोअरवर नीट लागायला परत पाच महिने, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी छाटणीचा हंगाम बघून तरी सुरुवात केली असती. आता झालंय सगळं, तर जून ते नोव्हेंबर काय काय झालं ते लिहून ठेवते. माझ्यासारखं घरात बसून एकट्यानं अ‍ॅप करणारं कुणी असेल तर निदान कुठं कुठं ठेच लागते ते कळेल.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. पुण्यातली नोकरी मुलगी झाल्यावर सोडली. माहेर तासगाव तालुक्यात, अण्णांची दोन एकर द्राक्षबाग. अण्णा गेली वीसेक वर्षं शंभर पानी वहीत फवारण्या लिहितात. तारीख, छाटणीपासून कितवा दिवस, औषध, डोस, पाणी किती. द्राक्षवाल्यांचं सगळं कॅलेंडर छाटणीपासून चालतं, कुणी "आज तारीख किती" विचारत नाही, "कितवा दिवस" विचारतं. माल एक्स्पोर्टला द्यायचा तर ही नोंद लागतेच, आणि शेवटची फवारणी ते काढणी यात किती दिवस सोडायचे, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात, ते चुकलं तर औषधाचा अंश सापडून माल परत येऊ शकतो. तर ही वही फोनमध्ये आणायची एवढीच माझी आयडिया. छाटणीची तारीख टाका, अ‍ॅप दिवस मोजेल, फवारणी टाका, पीएचआय कधी संपतो ते सांगेल.

२१ जूनला शनिवारी रात्री मुलगी झोपल्यावर गूगल प्ले स्टोअरचं डेव्हलपर अकाऊंट काढायला बसले. फी २५ डॉलर, एकदाच भरायची, दरवर्षी नाही. माझं डेबिट कार्ड दोनदा नाकारलं गेलं, मग कळलं की परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावे लागतात. मी तेवढं न करता सरळ भावाचं क्रेडिट कार्ड वापरलं, सगळं धरून २,२०० च्या आसपास गेले. इथं एक प्रश्न येतो, पर्सनल अकाऊंट की ऑर्गनायझेशन. ऑर्गनायझेशनला डन्स नंबर, म्हणजे कंपन्यांचा ओळख क्रमांक, लागतो, म्हणजे रीतसर धंदा पाहिजे, तो माझ्याकडं नाही, म्हणून पर्सनल. आणि पर्सनल निवडलं की पुढची सगळी कथा सुरू होते, कारण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या पर्सनल अकाऊंटला नियम आहे की आधी क्लोज्ड टेस्टिंग करायचं, म्हणजे यादीतल्या माणसांनाच वापरायला द्यायचं, ठरावीक टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले पाहिजेत, आणि त्यानंतरच अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायची परवानगी मागता येते. आधी हे टेस्टर २० लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केले. मला वाटलं बारा काय, आमच्या घरात गणपतीला बारा माणसं नुसती आरतीला असतात.

ओळख पटवण्यात पहिला आठवडा गेला आणि चूक सगळी माझी. अकाऊंटवर सासरचं आडनाव, ओळखपत्रावर माहेरचं. लग्नाला आठ वर्षं झाली, कागद अजून तिथंच. पहिल्यांदा नाकारलं, मग अकाऊंटवरचं नाव कागदाप्रमाणं केलं, परत कागद चढवले, ३ जुलैला पडताळणी झाली. शिवाय आपल्याकडं खरोखरचा अँड्रॉइड फोन आहे हे गूगलच्या प्ले कन्सोलच्या अ‍ॅपमधून दाखवावं लागतं, ते दोन मिनिटांत होतं. बायकांनी खास लक्षात ठेवा, अकाऊंट काढायच्या आधी ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावर जे अक्षरन् अक्षर आहे तेच टाका.

६ जुलैला, आषाढी एकादशीला, अण्णांच्या आणि दादाच्या फोनवर पहिलं बिल्ड, म्हणजे चालवता येईल असं तयार व्हर्जन, टाकलं. हे इंटर्नल टेस्टिंग, यात शंभर जणांपर्यंत घेता येतात, तपासणीसाठी थांबावं लागत नाही, चढवलं की थोड्या वेळात मिळतं. पण हे त्या बारा-चौदाच्या हिशेबात धरत नाहीत हे मला जुलैच्या शेवटी कळलं! मी आपली दिवस मोजत बसलेली. क्लोज्ड म्हणजे क्लोज्डच पाहिजे.

क्लोज्डला लावायचं तर आधी फॉर्मांचा ढीग. पाचशे बारा बाय पाचशे बाराचा आयकॉन, एक आडवं चित्र १०२४ बाय ५००, निदान दोन स्क्रीनशॉट, वयोगट, कंटेंट रेटिंगची प्रश्नावली, डेटा सेफ्टी, प्रायव्हसी पॉलिसी. पॉलिसीची मी ड्राइव्हवर पीडीएफ ठेवली होती, ती चालत नाही, उघडणारं साधं वेबपान लागतं, ते फुकटात करता येतं. डेटा सेफ्टीत मी बेधडक लिहून टाकलं होतं की आम्ही काहीच गोळा करत नाही, कारण सगळ्या नोंदी फोनमध्येच राहतात, माझा सर्व्हरच नाही. मग आठवलं की क्रॅश कळावेत म्हणून क्रॅशलिटिक्स घातलंय, ते माहिती पाठवतंच की. ते नंतर सुधारलं. आपण घातलेल्या प्रत्येक लायब्ररीबद्दल, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडबद्दल, हे तपासा. ३१ ऑगस्टपासून नव्या अ‍ॅपनं अँड्रॉइड १५ टार्गेट करायचं अशी मुदत होती, तेही याच गडबडीत करून घेतलं.

पीएचआयचे आकडे अ‍ॅपमध्ये आधीच भरून द्यायचे का यावर मी चार रात्री घालवल्या. पुण्याजवळ मांजरी गावात असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी असते, ती बदलत राहते. मी जुना आकडा ठेवला आणि कुणी त्यावर विसंबून काढणी केली तर? म्हणून ठरवलं, आकडा माणसानं स्वतः टाकायचा, लेबलवरून किंवा ताज्या यादीवरून, अ‍ॅप फक्त मोजणार. वापरायला थोडं कटकटीचं आहे, पण रात्री झोप लागते.

२० ऑगस्टला क्लोज्डसाठी पाठवलं, २५ ला मंजूर झालं आणि २७ ला गणपती. मी मुलीला घेऊन माहेरी.

आता बारा माणसं. यात गंमत अशी की लिंक पाठवून भागत नाही. ज्या जीमेलचं नाव मी यादीत टाकलंय त्याच जीमेलनं लिंक उघडून "टेस्टर व्हा" दाबायचं आणि फोनमधल्या प्ले स्टोअरलाही तेच अकाऊंट पाहिजे. आमच्या गावात निम्म्या लोकांना स्वतःचा जीमेल माहीत नाही. फोन घेताना दुकानातल्या पोरानं काढून दिलेला असतो. एका काकांचा जीमेल दुकानाच्याच नावानं निघाला, मागं नुसते आकडे. धाकट्या मामांच्या फोनवर तीन अकाऊंट, त्यातलं एक त्यांच्या मुलाच्या ऑनलाइन शाळेचं, प्ले स्टोअर नेमकं त्यावर. मी आरती झाली की दारातच उभी, प्रसाद घ्या आणि फोन द्या. वहिनी म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी लोक आपल्याकडं आरतीला यायचे बंद होतील."

असं करत ३१ ऑगस्टच्या रविवारी बारावा माणूस झाला. मी तिथं न थांबता सतरापर्यंत नेलं. हे जरूर करा. कुणी फोन बदलतो, कुणाचा भाचा "हे काय आलंय" म्हणून बाहेर पडायचं बटण दाबतो, आणि बाराच्या खाली गेलं की सलग चौदा दिवसांचा हिशेब बिघडतो. मला मधल्या काळात दोन-तीन मेसेजपण आले, अमुक पैशात पंधरा टेस्टर, चौदा दिवसांची गॅरंटी. खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं विचार केला होता. पण ज्यांनी आयुष्यात द्राक्षाचं पान धरलं नाही ते मला काय सांगणार.

मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पहिल्या दिवशी सगळ्यांचे अंगठे, दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात, बेदाण्याचे दर आणि पावसाचे व्हिडिओ. मी रोज विचारायचे "कसं वाटतंय अ‍ॅप?" आणि रोज उत्तर "छान आहे ताई". अण्णा तर "एक नंबर". मला बरं वाटायचं. चौदा दिवसांत मी एकही नवं व्हर्जन दिलं नाही, द्यायची गरजच काय, सगळं छान आहे ना.

१५ सप्टेंबरला परवानगीचा अर्ज भरला. त्यात प्रश्न असतात, टेस्टर कसे मिळवले, त्यांनी काय काय वापरलं, काय अभिप्राय आला, त्यावरून तुम्ही काय बदललंत, आता अ‍ॅप तयार आहे हे कशावरून ठरवलंत. मी प्रत्येकाला एक-एक ओळ. काय बदललं, तर काही नाही, सगळ्यांना आवडलं. १९ तारखेला उत्तर आलं की अजून टेस्टिंग करा, परत चौदा दिवस. त्या दिवशी मी खरंच रडले, म्हणजे भांडी घासताना. नवरा म्हणाला चौदाच दिवस आहेत, मी म्हटलं चौदाच दिवस काय, खाली छाटण्या झाल्यात, लोकांना आत्ता पाहिजे होतं. पण रात्री माझीच उत्तरं परत वाचली आणि मनात म्हटलं, मी त्यांच्या जागी असते तर मीपण हेच केलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री. घास टाकायला माहेरी गेले होते. जेवणं झाली, अण्णा सोप्यात पान लावत बसलेले, मी म्हटलं अण्णा, जरा कालची फवारणी टाकून दाखवा. त्यांनी फोन उघडला, अ‍ॅप उघडलं आणि वर लिहिलेलं, "छाटणीपासून ० दिवस". अण्णांची छाटणी १२ तारखेला झालेली. नववा दिवस पाहिजे.

"हे शून्य कधीपासून आहे?"

"पहिल्यापासनंच हाय की."

"मग बोलला का नाही?"

"आगं, मला वाटलं तू ते नंतर चालू करणार असशील."

जुलैपासून त्यांच्याकडं अ‍ॅप होतं. मी सांगितलंय म्हणून ते रोज सकाळी उघडायचे, बघायचे, बंद करायचे. छाटणीच झाली नव्हती तर टाकणार काय? आणि छाटणी झाल्यावर तारीख टाकली तर शून्य, मग ते परत वहीकडं. उघडणं आणि वापरणं यात एवढा फरक आहे आणि मी आकडे बघून खूश, सतरापैकी पंधरा जण रोज उघडतायत म्हणून.

आता तांत्रिक भाग, ज्यांना नको त्यांनी पुढचा पॅरा सोडा. अण्णांचा फोन मराठीत आहे. माझा इंग्रजीत, दादाचा इंग्रजीत. अँड्रॉइडमध्ये फोनची भाषा मराठी असली की तारीख लिहिताना आकडे आपोआप देवनागरी येतात. मी तारीख साठवताना फोनची जी भाषा असेल ती घ्या असं लिहिलेलं, त्यामुळं त्यांच्या डेटाबेसमध्ये तारीख गेली "२०२५-०९-१२" अशी, देवनागरीत. पुढं दिवस मोजणारा भाग इंग्रजी आकड्यांचीच अपेक्षा धरतो, त्याला ते वाचता येईना, एरर आली, आणि मी शहाणीनं तिथं लिहून ठेवलेलं की एरर आली तर गुपचूप शून्य दाखव. म्हणून क्रॅश नाही, क्रॅशलिटिक्सवर काही नाही, सगळं हिरवंगार. मामांचं तर अजून भारी, त्यांनी मध्येच भाषा बदलली होती, तर निम्म्या नोंदी इंग्रजी आकड्यांत, निम्म्या देवनागरीत, आणि यादी तारखेप्रमाणं लावली की देवनागरीवाल्या सगळ्या शेवटी गोळा. उपाय एका ओळीचा, साठवताना भाषा ठरवून टाकायची, दाखवताना पाहिजे ती. पण आधी साठलेल्या तारखा दुरुस्त करायला वेगळा कोड लिहावा लागला, त्यात दोन रात्री गेल्या.

मराठी माणसांसाठी मराठीत अ‍ॅप केलं आणि मराठीत ठेवलेल्या फोनवर एकदाही चालवून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन साडेचार हजारांत एक जुना फोन घेतला, कमी मेमरीचा, तो कायम मराठीत आणि बॅटरी सेव्हर चालू. या सगळ्या खर्चातले सगळ्यात कामी आलेले पैसे हेच.

त्यानंतर ग्रुपवर विचारणं बंद केलं. दर रविवारी कुणातरी एकाच्या बागेत जायचं, भडंगाची पिशवी न्यायची आणि म्हणायचं, कालचं औषध टाकून दाखवा. आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे हो, माणूस चुकीचं बटण दाबतोय आणि आपण बघत बसायचं. पण त्यात जे कळलं ते दोन महिन्यांत कळलं नव्हतं. मी डोस लिटरला किती असं विचारत होते, आणि लोक डोस टाकीला किती असा मोजतात, ब्लोअरची, म्हणजे फवारणीच्या यंत्राची, टाकी कुणाची पाचशे लिटरची कुणाची सहाशेची. एक काका प्रत्येक वेळी कॅल्क्युलेटर उघडून भागाकार करून माझ्या अ‍ॅपमध्ये टाकत होते, आणि तक्रार शून्य, त्यांना वाटलं अ‍ॅप म्हणजे असंच असणार. आठवण येत नाही म्हणून दोघं म्हणाले, बघितलं तर अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, आणि अ‍ॅप उघडल्या उघडल्या मी ती मागत होते, लोक सवयीनं "नको" दाबत होते. आता पहिली फवारणी टाकून झाल्यावर विचारते, "पीएचआय संपला की सांगू का?" तेव्हा लोक हो म्हणतात. ओल्या हातानं बटणं लागत नाहीत, ती मोठी केली.

२४ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर या काळात तीन व्हर्जनं दिली. प्रत्येकाबरोबर काय बदललं ते लिहायला पाचशे अक्षरांची जागा असते, त्यात "बग फिक्स" लिहिण्यापेक्षा मी लिहायला लागले, "मराठी फोनवर दिवस शून्य दाखवत होतं ते नीट केलंय, अण्णांनी पकडलं." लोक ते वाचतात! आपलं नाव येतंय म्हटल्यावर मामा स्वतःहून फोन करून चुका सांगायला लागले, काही तर चुका नव्हत्याच. दर बिल्डला व्हर्जन कोड वाढवायला विसरू नका, तोच आकडा परत चालत नाही, मी रात्री बारा वाजता दोनदा हा धडा घेतलाय. आणि सही करायची किल्ली, म्हणजे कीस्टोअर, पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा. अपलोडची किल्ली हरवली तर बदलून मागता येते, पण वेळ जातो.

८ ऑक्टोबरला परत अर्ज. यावेळी शून्य दिवसांची गोष्ट, टाकीची गोष्ट, सगळं सविस्तर लिहिलं. १३ तारखेला सोमवारी परवानगी आली. लगेच सोडायचा मोह झाला होता, पण आठवड्यावर दिवाळी, माझे हात फराळात, काही बिघडलं तर बघणार कोण. मॅनेज्ड पब्लिशिंग म्हणून एक सोय आहे, ती चालू केली की तपासणी होऊन अ‍ॅप तयार राहतं आणि आपण बटण दाबू तेव्हाच बाहेर जातं. २८ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी साडेदहाला मुलीला शाळेत सोडून आल्यावर बटण दाबलं. देश फक्त भारत. पहिलं रिलीज टक्क्याटक्क्यानं सोडता येत नाही, ती सोय पुढच्या अपडेटना असते, म्हणून पहिल्याला हाच लगाम. कुठं जाहिरात नाही, दोन कृषी सेवा केंद्रांत कागद चिकटवला. त्यावर माझा फोन नंबर पण दिला होता, नवरा म्हणाला कशाला, पण त्याचा उपयोग पुढं झाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओपन टेस्टिंगपण चालू केलं, ज्याला लोक नुसतं बीटा म्हणतात. यात कुणालाही सामील होता येतं आणि त्यांचा अभिप्राय आपल्यालाच दिसतो, स्टोअरवर जाहीर चांदण्या पडत नाहीत, त्यामुळं कच्चं काम द्यायला भीती कमी. एकतीस जण आले. आमचे भाऊजी आयटीत आहेत, ते म्हणाले अजून किती दिवस बीटा बीटा खेळणार. मी म्हटलं जीमेल २००४ ला आलं आणि २००९ पर्यंत बीटाच होतं, मला दोन महिने तरी द्या. ते आयफोनचं पण विचारत असतात. तिकडं वर्षाला ९९ डॉलर, टेस्टफ्लाइटवर, म्हणजे अ‍ॅपलच्या टेस्टिंगच्या सोयीत, बाहेरचे दहा हजारपर्यंत टेस्टर घेता येतात, प्रत्येक बिल्ड नव्वद दिवस चालतं. सोय चांगली आहे, पण बागेत आयफोन मला अजून एकाच माणसाकडं दिसलाय आणि तो द्राक्षाचा दलाल.

१.१ या व्हर्जनमध्ये दोन प्लॉट वेगवेगळे ठेवायची सोय केली. हीच सगळ्यात जास्त मागणी होती, कारण सगळ्यांची छाटणी एकाच दिवशी होत नाही. बीटावर दोन आठवडे चाललं, एक क्रॅश नाही. १८ नोव्हेंबरला स्टोअरवर सोडलं, यावेळी दहा टक्क्यांना. तोपर्यंत वापरणारे २१२ झाले होते, म्हणजे वीस-बावीस जण. संध्याकाळी पाचला पलूसकडच्या एका शेतकऱ्याचा फोन, "ताई, तुमचं अ‍ॅप उघडतंय आणि मिटतंय." क्रॅशलिटिक्स बघितलं तर सहा जण. हातपाय गार. हाल्टचं बटण दाबलं. ते दाबल्यावर पुढं कुणाला जात नाही, पण ज्यांच्याकडं गेलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही, जुनं व्हर्जन परत पाठवायची सोयच नाही, वरच्या आकड्याचं नवं बिल्ड करूनच द्यावं लागतं.

झालं असं होतं की बीटावाले प्रत्येक व्हर्जन टप्प्याटप्प्यानं घेत आले होते, त्यांचा डेटाबेस तिसऱ्या रचनेवरून चौथ्यावर आणि मग पाचव्यावर गेला. स्टोअरवाले सरळ तिसऱ्यावरून पाचव्यावर. आणि साफसफाई करताना मी मधली पायरी काढून टाकली होती, आता कुणाला लागतीय म्हणून. बीटावाल्यांनी ती पायरी केव्हाच ओलांडली होती, तर त्यांना काय कळणार. आता रिलीज आधी माझ्या त्या जुन्या फोनवर स्टोअरचं व्हर्जन टाकते, त्यात नोंदी भरते आणि त्यावर अपडेट चढवते. बीटावरून बीटावर नाही.

त्या संध्याकाळी मला खरी भीती वेगळीच होती. अ‍ॅप बिघडलं की लोक पहिल्यांदा काय करतात? काढून परत टाकतात. आणि नोंदी फोनमध्येच, काढलं की गेल्या. पलूसच्या त्या दादांना मी तीनदा सांगितलं, काढू नका, दोन दिवस थांबा. ते म्हणाले, "नाय काढत, पण लवकर करा, डाऊनीचं वातावरण हाय, रोज मारतोय." डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा रोग. बाकी कोण आहेत मला माहीत नव्हतं, म्हणून स्टोअरवरच्या माहितीत सगळ्यात वर मराठीत लिहून टाकलं. २० तारखेला १.१.१ गेलं, वीस टक्के, दोन दिवसांनी पन्नास, २७ ला शंभर. किती जणांच्या नोंदी गेल्या ते मला कधीच कळणार नाही, दोघांचे फोन आले, बाकीचे बोलले नसतील. पुढच्या व्हर्जनमध्ये बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घालतेय.

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक अपडेट एकदम सगळीकडं गेलं आणि ८५ लाख विंडोज मशिन बसली, विमानं रद्द झाली, तेव्हा मी बातमी वाचून म्हटलं होतं एवढी मोठी कंपनी आणि टप्प्यानं सोडता येत नाही का. मला सहा जणांनी घाम फोडला. दोनशे बाराच्या दोनशे बारांना एकदम सोडलं असतं तर त्या आठवड्यात तालुक्यात तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता माझं असं ठरलंय की अपडेट मंगळवारी नाहीतर बुधवारी सकाळीच, शुक्रवारी कधीच नाही. आणि पाऊस लागलाय, ढगाळ आहे, लोक रोज फवारतायत अशा आठवड्यात काहीही सोडायचं नाही, कितीही छोटं असलं तरी.

खर्च विचाराल तर फी २,२००, जुना फोन ४,५००, सांगली ते बागा पेट्रोल साधारण अडीच हजार, भडंग आणि पेढे वेगळे. वेळेचा हिशेब नवऱ्यासमोर केलेला नाही.

आज २ डिसेंबर. सकाळी अण्णांचा फोन आला, मला वाटलं परत काहीतरी. म्हणाले, "एक्क्याऐंशी दाखवतंय." मी म्हटलं बरोबर आहे ना मग? तर म्हणाले, "बरोबर हाय. वहीत बघितलं."